मुंबई–गोवा की सिंगापूर? क्रूझ ठरवण्याआधी कागदपत्रं बघा

आई-बाबा आणि मुलांना घेऊन क्रूझला जायचं ठरलं की सगळे आधी केबिनचे दर बघतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी घरातल्या प्रत्येकाची ओळखपत्रं कपाटातून बाहेर काढा. कागद अपुरा निघाला तर माणूस धक्क्यावरच राहतो, आणि तिकिटाचे पैसेही सहसा परत मिळत नाहीत.

मुंबई–गोवा हा देशांतर्गत प्रवास. भारतीय नागरिकाला पासपोर्ट लागत नाही. आधार, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना चालतो. मात्र मूळ कार्डच जवळ हवं, नुसती झेरॉक्स घेऊन बॅलार्ड पिअर गाठू नका. पॅन कार्डावर विसंबू नका, त्यावर पत्ताच नसतो. लहान मुलांसाठी आधार किंवा जन्मदाखला ठेवा. तेच जहाज लक्षद्वीपला जाणार असेल तर गोष्ट बदलते. १९६७च्या नियमांनुसार तिथे पाय ठेवायला बाहेरच्या भारतीयांनाही परवाना लागतो. तो कंपनी काढून देणार का आणि त्यासाठी माहिती किती दिवस आधी द्यायची, हे बुकिंग करतानाच विचारा.

सिंगापूरला पासपोर्टशिवाय गत्यंतर नाही, आणि त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. इथे घरोघरी एक गोष्ट नजरेतून सुटते: मोठ्यांचा पासपोर्ट १० वर्षांचा, लहान मुलांचा ५ वर्षांचा. सगळ्यांचे एकदम काढले असले तरी मुलांचे निम्म्या वेळात संपतात.

व्हिसाचा पेच त्याहून मोठा. जहाज सिंगापूरहून निघतं, मलेशियातलं पेनांग किंवा पोर्ट क्लांग करून परत सिंगापूरलाच येतं. म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा शिरता, एकदा विमानाने आणि एकदा जहाजाने. म्हणून व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे हातात पडल्याबरोबर वाचून बघा. त्याचं सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर, नकार आला तरी ते परत मिळत नाही. एजंटचे पैसे वेगळे. मलेशियाने भारतीयांना ३१ डिसेंबर २०२६पर्यंत व्हिसामाफी दिली आहे, त्यामुळे तिथला खर्च वाचतो. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका.

दोन्हीकडे सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. आधारवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं आणि तिकिटावर मधलं नावच नाही, अशी अवस्था अनेक बायकांची असते. जे कागदपत्र दाखवणार, त्यावरचंच नाव अक्षर न अक्षर तिकिटावर घाला. लग्नाचा दाखला सोबत असावा, पण त्याच्या भरवशावर निघू नये.

अमेरिकन पासपोर्टवाली नातवंडं सोबत असतील तर चित्र उलटं होतं. सिंगापूरला त्यांना व्हिसा लागत नाही, आजी-आजोबांना लागतो. मुंबई–गोव्याला मात्र आजी आधारवर जाईल आणि नातवाला पासपोर्टसोबत ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) किंवा भारताचा व्हिसा दाखवावा लागेल.

घरात एकाचाही पासपोर्ट नसेल आणि सुट्टी महिन्यावर आली असेल, तर मी बिनदिक्कत मुंबई–गोवा सुचवेन. तत्काळमध्ये मोठ्यांचा नवा पासपोर्ट ३,५०० रुपयांत निघतो खरा, पण त्यानंतर व्हिसा असतोच, आणि सत्तरीच्या माणसांना त्या धावपळीत ओढू नये. पासपोर्ट तयार असतील आणि हातात दोन-तीन महिने असतील तर सिंगापूर खुशाल ठरवा.

कुणी युरोपचा विचार करत असेल तर मार्ग नीट बघा. ग्रीसहून निघालेलं जहाज मधेच तुर्कस्तानच्या कुशादासीला लागून परत ग्रीसला आलं, तर शेंगेन व्हिसाही (ग्रीससह युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा) एकदाच प्रवेशाचा असून भागत नाही, आणि तुर्कस्तानच्या व्हिसाचं वेगळं विचारावं लागतं.