बिल ब्रूफोर्ड: आधी पहिलं ‘अर्थवर्क्स’ ऐकावं की दुसरं?

‘येस’ किंवा ‘किंग क्रिम्झन’ हे रॉक बँड ऐकत ऐकत बिल ब्रूफोर्डपर्यंत पोचलेला माणूस पुढे हमखास अडखळतो. या इंग्लिश ड्रमरने १९८६ साली ‘अर्थवर्क्स’ नावाचा स्वतःचा जॅझ बँड काढला. पण त्या एका नावाखाली खरं तर दोन निराळे बँड होऊन गेले. पहिला नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला थांबला. दुसरा काही वर्षांच्या खंडानंतर उभा राहिला आणि २००९च्या आरंभी ब्रूफोर्डने जाहीर वादनातून निवृत्ती घेईपर्यंत त्याच्यासोबत राहिला. दोघांत ड्रमर सोडला तर फारसं काही समान नाही, म्हणून सुरुवात कुठून करता याला महत्त्व आहे.

पहिल्या बँडची गंमत माणसांत आहे. सदतिशीच्या ब्रूफोर्डने लंडनच्या ‘लूज ट्यूब्ज’ या वात्रट, बेशिस्त वाटणाऱ्या पण पक्क्या तयारीच्या मोठ्या वाद्यवृंदातून दोन तरुण उचलले: कीबोर्डवाला जँगो बेट्स आणि सॅक्सोफोनवाला इयन बॅलमी. बेसवर मिक हटन, नंतर टिम हॅरिस. आणि स्वतः ब्रूफोर्ड बसला सिमन्सच्या इलेक्ट्रॉनिक ड्रम्सवर. हे प्रकरण नीट समजून घ्यायला हवं. त्याने या पॅड्सना नुसते ड्रमचे आवाज न देता सूर आणि कॉर्ड्स लावले, म्हणजे काठी पडली की ठोक्याबरोबर स्वरही वाजणार. त्यामुळे बेट्सचे हात मोकळे झाले आणि तो टेनर हॉर्न हे पितळी फुंकवाद्य उचलून बॅलमीच्या जोडीला उभा राहू लागला. ड्रमरनेच साथीचे स्वर धरायचे आणि पुढे दोन फुंकवाद्यांनी खेळायचं, अशी रचना जॅझमध्ये तेव्हा जवळपास कुणी करत नव्हतं. रचनाही ब्रूफोर्ड, बेट्स आणि बॅलमी या तिघांच्या मिळून. चालीत मधेच ब्रास बँड, मधेच सर्कस, मधेच एखादी हळवी धून येते, आणि बेट्सचा खोडकरपणा कुठेच लपत नाही.

तोटा उघड आहे. त्या पॅड्सचा आवाज ऐंशीच्या दशकाचा आहे आणि तो तसाच ऐकू येतो. मला आवडतो, पण पियानो, डबल बेस आणि झांजेची खरी किणकिण हेच ज्याच्या लेखी जॅझ, त्याचे कान पहिल्या मिनिटात मिटतात. त्यात यंत्रांचा कटकटीपणा होताच. अखेर ब्रूफोर्ड त्यांना कंटाळला.

दुसऱ्या बँडमध्ये इलेक्ट्रॉनिक पसारा गेला. स्टीव्ह हॅमिल्टन पियानोवर, मार्क हॉजसन बेसवर, सॅक्सोफोनवर आधी पॅट्रिक क्लाहर आणि पुढे टिम गारलंड. वरवर पाहता नेहमीची चौकडी. पण १९९९च्या ‘अ पार्ट अँड येट अपार्ट’मधल्या बहुतेक रचना एकट्या ब्रूफोर्डच्या आहेत, आणि संगीतकार म्हणून त्याला जोखायचं असेल तर पुरावा इथेच मिळतो. मात्रांचा हिशेब अवघड असतो, तरी धून गुणगुणता येते. रूपकाच्या सात किंवा झपतालाच्या दहा मात्रा अंगात मुरलेल्या आपल्या श्रोत्याला या विषम चालींची भीती वाटायचं कारण नाही. फक्त इथे ठेका आवर्तनाआवर्तनाला उघडपणे सांगितला जात नाही. तो गृहीत धरून ब्रूफोर्ड त्याच्या आजूबाजूला वाजवतो. त्याचा स्नेअर ड्रम मात्र कुठेही ओळखू येतो: कोरडा, टणत्कार असलेला, ‘येस’च्या दिवसांपासून तोच.

माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण निर्णय ऐकूनच घ्यावा, आणि त्याची सोय ब्रूफोर्डनेच करून ठेवली आहे. ‘माय हार्ट डिक्लेअर्स अ हॉलिडे’ ही रचना १९८७च्या पहिल्या अल्बमवर आहे आणि २००४च्या ‘रँडम अ‍ॅक्ट्स ऑफ हॅपिनेस’ या कॅलिफोर्नियातल्या मैफलीच्या अल्बमवरही आहे. दोन्ही पाठोपाठ लावा. पहिलीत यंत्राचं नवल जास्त भावलं तर ‘डिग?’ (१९८९) घ्या. दुसरीत चौघांचा श्वास जास्त पटला तर तोच मैफलीचा अल्बम पुढे चालू द्या. त्यात सत्तरच्या दशकातल्या त्याच्या ‘ब्रूफोर्ड’ या विजेच्या गिटारच्या बँडच्या रचनाही नव्या रूपात आहेत, त्यामुळे त्या बँडचा गिटारवादक अ‍ॅलन होल्ड्सवर्थ याच्या चाहत्याला तिथे ओळखीचं काहीतरी सापडेल.

रॉकचा कान असेल, विशेषतः ‘किंग क्रिम्झन’चं १९८१चं ‘डिसिप्लिन’ आवडतं असेल, तर पहिलंच आधी. त्या अल्बमवरचे सिमन्स इथे पुढे कुठे गेले ते कळतं. जॅझमधून येणाऱ्याने पहिल्याला हात नंतर लावावा. ड्रम्स शिकणाऱ्याने दुसरं, कारण त्यात काय चाललंय ते कानाला वेगळं काढता येतं. खरेदी करताना अल्बम जॅझचा की रॉकचा एवढं कळायला लेबल पाहिलं तरी पुरे: ब्रूफोर्डने आपलं जॅझ ‘समरफोल्ड’खाली ठेवलं आणि रॉककडे झुकणारं ‘विंटरफोल्ड’खाली.

दोन्ही फार गजबजलेली वाटली तर तिसरी वाट आहे: १९९७चं ‘इफ समर हॅड इट्स घोस्ट्स’. राल्फ टाउनर गिटार आणि पियानोवर, बेसला पियानोवादक बिल एव्हान्सबरोबर अनेक वर्षं वाजवलेला एडी गोमेझ. तिघंच, आणि ब्रूफोर्ड इथे बराच वेळ काठ्यांऐवजी ब्रशने हळू वाजवतो.