राखाडी धागा नसलेला राखाडी रंग

नागपूरच्या महाल भागातल्या हातमागाच्या दुकानातला हा भित्तिपट 3 बाय 4 फुटांचा आहे. ताणा (उभे धागे) सुती, बाणा (आडवे धागे) कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा. चित्र काहीच नाही, नुसते रंगांचे तुकडे, तरी नजर हटत नाही. खरी करामत मधल्या राखाडी पट्ट्यात आहे. तिथे राखाडी धागा नाहीच! निळ्या ताण्यावर नारिंगी बाणा साध्या विणीत घातलाय. जवळून ठिपके दिसतात. आठ-दहा फुटांवरून दोन विरोधी रंग एकमेकांना मारतात आणि धुरकट छटा उरते. शेजारी बाणा ठोकून ताणा पूर्ण झाकलाय, म्हणून तिथला नारिंगी अगदी चोख.

खोट आहे ती उभ्या सीमारेषेत. दोन रंगांचे बाणे एकमेकांत अडकवलेले नाहीत, त्यामुळे पाच इंचांची फट राहिलीय. इंचभर चालली असती. एवढी लांब फट वजनाने उघडत जाते. मागून बारीक टाक्यांनी शिवून घ्या. दांडीसाठी नेफाही नाही, दोनच कड्या आहेत, म्हणून मधे झोळ येतो.

पिवळा हळदीचा आहे आणि हळद उन्हात टिकत नाही. नागपुरात तरी पश्चिमेच्या खिडकीसमोर हा लावू नका.