पंपांचे फॉल्ट: प्रत्येक कारण वेगळं मोजायचं की शेअर्ड फ्रेल्टी लावायची?

पॉवर लॉ प्रोसेस (काळानुसार फॉल्टचा वेग बदलतो असं धरणारं मॉडेल), बीटा (त्यातला आकडा, 1 च्या वर असला तर फॉल्ट वाढत चाललेत) वगैरे साधारण माहीत आहे असं धरूनच लिहितोय. सोसायटीचा पंप कधी सीलने बंद पडतो, कधी बेअरिंगने, कधी वाइंडिंग जळतं, रिपेअर होऊन परत लागतो. मग प्रत्येक कारणाला आपापलं स्वतंत्र पॉवर लॉ द्यायचं, की सगळ्या कारणांवर मिळून त्या पंपाची एकच गॅमा फ्रेल्टी, म्हणजे तो पंप इतरांपेक्षा किती नाजूक हे सांगणारा, सरासरी 1 असलेला एक गुणक, बसवायची? अंधेरी-दहिसर पट्ट्यातल्या एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) पंपांवर मी दोन्ही चालवून बघितलंय.

स्वतंत्रवाल्याला मी नावं ठेवणार नाही. एक्सेलमध्ये होतं, साइटवरच्या माणसाला समजतं, आणि गंमत म्हणजे सगळे पंप सारखाच काळ बघितलेले असतील तर फ्रेल्टी लावूनही बीटा तोच येतो. त्यामुळे सीलचे फॉल्ट वाढत चाललेत का एवढंच बघायचं असेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

माझं डोकं फिरलं ते याद्या बघून. सीलच्या यादीत वर असलेले पंप तेच बेअरिंगच्या यादीत वर, वाइंडिंगच्याही. त्यात नवल काय म्हणा, बेसमेंटची पंपरूम, जुलैत भिंतींना पाझर, वर व्होल्टेजची बोंब, म्हणजे जे एकाला छळतं तेच बाकीच्यांनाही. पण स्वतंत्र मॉडेल हे दरवेळी योगायोग समजून सोडून देतं आणि एकूण फॉल्टचा पट्टा इतका अरुंद दाखवतं की स्पेअरचं बजेट कायम तोंडावर आपटतं. समजा वर्षाला सरासरी 6 फॉल्ट, तर याच्या मते व्हेरिअन्सपण (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) 6. फ्रेल्टीचा व्हेरिअन्स 0.5 धरा, त्यात 0.5 गुणिले 36 मिळवा, झाले 24!

शिवाय सेक्रेटरी बीटा विचारत नाहीत हो, ते विचारतात कुठला पंप बदलू. फ्रेल्टी प्रत्येक पंपाला एक आकडा देते. वरच्याच उदाहरणात एखाद्याचे वर्षात 12 फॉल्ट झाले तर 1 भागिले 0.5 म्हणजे 2 हा आकडा 12 आणि 6 दोन्हींत मिळवायचा, झाले 14 भागिले 8, म्हणजे 1.75; 12 भागिले 6 करून सरळ 2 म्हणत नाही, जरा आवरतं घेते. मला हे पटतं.

तिचेही नखरे आहेत. एकच पंप असेल तर काही उपयोग नाही, मोजके असतील तर व्हेरिअन्स शून्याला चिकटतो नाहीतर भलतीकडे जातो. सील गळून पाणी बेअरिंगमध्ये गेलं ही साखळी तिला दिसत नाही, आणि एका कारणाने दुसरं कमी होत असेल तर तेही नाही. रिवाइंडिंगनंतर मोटर थोडी नवी होते की जुनीच राहते हा वाद दोन्हीकडे तसाच.

कोणी संख्याशास्त्रज्ञ त्सियाटिसचा 1975 चा निकाल काढतो, की कारणांमधलं अवलंबित्व डेटातून ओळखताच येत नाही. ते पहिल्याच बिघाडावर गोष्ट संपते तिथलं. आपला पंप पुन्हा पुन्हा पडतो, पंपही बरेच असतात, म्हणून निदान ही सामायिक फ्रेल्टी तरी पकडता येते.

तुमचं गणित वेगळं असू शकतं, पण वीस-तीस पंप आणि दोनेक वर्षांचं रजिस्टर हाताशी असेल तर मी तरी फ्रेल्टीच घेईन. फक्त मेकॅनिक नुसतं 'पंप चालू केला' लिहून जात असेल तर आधी त्याच्याकडून कारण लिहून घ्या, त्याशिवाय दोन्हीतलं काहीच चालणार नाही.