वेल्ह्याची आकाशदर्शनाची रात्र : शनी नव्हता तरी पैसे वसूल

पुण्यातून आकाशदर्शनाचे तीन प्रोग्राम आधी केलेत, सगळीकडे तेच, चंद्र गुरू शनी, फोटो, आणि चला घरी. हा वेगळा निघाला म्हणून मुद्दाम लिहितेय. एप्रिलमधली अमावस्या, वेल्ह्याजवळचं माळरान, माणशी १२०० रुपये, स्वारगेटहून बस आणि जेवण धरून.

जेवण झक्कास, पिठलं-भाकरी गरम होती. पण चाळीस माणसं आणि दुर्बिणी दोनच, त्यात कोणीतरी सारखं मोबाईलचा टॉर्च लावत होतं, आयोजकांनी एकदा तरी दरडावायला हवं होतं राव.

आता मुख्य गोष्ट. १२ इंची डॉब्सोनियन (साध्या स्टँडवरची आरशाची दुर्बीण) सांभाळणाऱ्या दादाने ती सप्तर्षींच्या शेपटीखाली श्यामशबल नावाच्या तारकासमूहात लावली, म्हणाला "ताई सरळ बघू नका, नजर जरा कडेला ठेवा." आधी काहीच नाही, मग एक लांबट धुरकट डाग आणि त्याला चिकटून अगदी फिकट असा दुसरा. एनजीसी ४४९० आणि ४४८५, दोन लहान दीर्घिका (गॅलेक्सी), साधारण २.४ कोटी प्रकाशवर्षं लांब. एकमेकींच्या जवळून गेल्या तेव्हा एकीने दुसरीचा गॅस ओढला, मध्ये त्याचा पूल झाला आणि गॅस दाबला गेला तिथे तारे जन्मले, जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांत असे दोन बहर दिसलेत, एक २० कोटी वर्षांपूर्वीचा, दुसरा ३ कोटी.

मी विचारलं, गॅस असा उधळला तर ती दीर्घिका संपलीच ना? तर म्हणे शेजारी कोणी मोठी नसेल तर तो आसपासच राहतो, हळूहळू परत आत पडतो, पुढच्या ताऱ्यांना कामी येतो. मोठी असेल तर ती पळवते. मॅगेलनचे दोन ढग म्हणजे आपल्या शेजारच्या दोन लहान दीर्घिका, त्यांचा गॅस असाच आपल्या आकाशगंगेभोवती लांब पट्ट्यासारखा पसरलाय. सुरुवातीच्या विश्वात बहुतेक दीर्घिका लहानच होत्या, त्या मिळून मोठ्या झाल्या, म्हणून ही जोडी बघायची. हे ऐकून परत रांगेत उभी राहिले.

हा गॅस म्हणजे मुख्यतः थंड हायड्रोजन, तो डोळ्यांना दिसत नाही, रेडिओत दिसतो, आणि लहान दीर्घिकांमधला असा हायड्रोजन मोजणारी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आपल्या नारायणगावजवळ खोडदला, ४५ मीटरच्या ३० डिश! नारायणगावला मिसळ खाऊन कितीदा पुढे गेलेय मी.

पहाटे चहा नव्हता, थर्मास न्या. आणि बुकिंगच्या वेळी १२ इंची येणार का ते विचारा, ८ इंचीतून त्यातली धाकटी जेमतेम दिसते.