बीटल्सचे बीबीसी संच: दोन्ही घ्यावेत का, आणि त्या उसन्या सोलोचं काय

बीटल्सनी बीबीसी रेडिओसाठी वाजवलेल्या गाण्यांचे दोन संच आहेत: पहिला 'लाइव्ह ॲट द बीबीसी', दुसरा 'ऑन एअर'. त्यातल्या पहिल्याच्या नावाखाली बाजारात दोन वेगळ्या वस्तू आहेत: १९९४ची मूळ आवृत्ती आणि २०१३चं रीमास्टर, म्हणजे आवाज नव्याने साफसूफ करून काढलेली आवृत्ती. विक्रेते बहुधा हा फरक सांगत नाहीत. मागवलं रीमास्टर आणि आली जुनी प्रत, तर परत पाठवण्याचा भुर्दंड गिऱ्हाइकाच्याच माथी बसतो. तसा बसला, म्हणून हे लिहायला घेतलं. ऑर्डर देण्याआधी मागच्या कव्हराचा फोटो मागवा आणि तळाच्या बारीक अक्षरांत साल बघा. विक्रेता फोटो द्यायला कुरकुरला तर सोडून द्या.

आता मुद्द्याचं. कित्येक महिने दोन्ही आवृत्त्या आलटून पालटून ऐकल्यावर मत असं की पहिल्या संचासाठी रीमास्टरच हवं हा हट्ट धरू नये. आवाज थोडा मोकळा झालाय, पण यातल्या खऱ्या उणिवा मास्टरिंगच्या नाहीतच. मूळ टेप कोणी आणि कशी जपली, यावर सगळं अवलंबून आहे. मार्च १९६२ ते जून १९६५ या काळात या चौघांचे ८८ गाण्यांचे २७५ आविष्कार बीबीसीवरून गेले, आणि त्यातल्या बऱ्याचशा टेप बीबीसीने ठेवल्याच नाहीत. परदेशी केंद्रांसाठी काढलेल्या ट्रान्स्क्रिप्शन तबकड्या होत्या, तिथला आवाज ठणठणीत आहे. जिथे कुणा श्रोत्याने घरच्या टेपरेकॉर्डरवर रेडिओवरून उतरवून ठेवलेलं तेवढंच उरलं, तिथे खरखर आणि दबलेला आवाज आहे. दोन्ही प्रकार एकाच सीडीवर शेजारीशेजारी आहेत.

म्हणून प्लेअरमध्ये रीप्लेगेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोय, 'ट्रॅक'वर ठेवू नका, 'अल्बम'वर ठेवा. ट्रॅकवर ठेवलं की हळू आवाजाचं गाणं उचललं जातं आणि त्याच्यासोबत खरखरही. घरघर काढायला ५० हर्ट्झवर कात्री लावायचा मोह होतो, तोही टाळा. बेसच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा जी सूर ४९ हर्ट्झचा आणि मोकळी ए तार ५५ची. घरघरीसोबत मॅकार्टनीचा बेसही अर्धा जातो. अगदीच असह्य झालं तर ८ किलोहर्ट्झच्या वरचा भाग दोन-तीन डेसिबल खाली आणा, बस्स. घरगुती टेपांवरून निघालेलं एखादं गाणं बेसूर वाटलं तर वेगही तपासा. टेपचा वेग २ टक्क्यांनी चुकला तरी सूर ३४ सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या साधारण एक तृतीयांश सरकतो. गिटार सोबत वाजवून शिकणाऱ्यांना हे लगेच टोचतं.

आता तो सोलो. पहिल्या संचातलं 'अ हार्ड डेज नाइट' १४ जुलै १९६४ला 'टॉप गिअर' या बीबीसीच्या रेडिओ कार्यक्रमासाठी रेकॉर्ड झालं आणि दोन दिवसांनी या कार्यक्रमाच्या पहिल्याच भागात वाजलं. मधला वाद्यांचा तुकडा मूळ रेकॉर्डवर जॉर्ज हॅरिसनची बारा तारांची गिटार आणि निर्माता जॉर्ज मार्टिनचा पियानो मिळून आहे, आणि तो टेपचा वेग निम्मा ठेवून वाजवून घेतलेला होता. बीबीसीच्या स्टुडिओत तो तसा वाजणं शक्य नव्हतं. मग बीबीसीने काय केलं? रेकॉर्डवरचा तुकडा उचलून आपल्या टेपमध्ये जोडला.

हेडफोनवर गाण्याचा मध्य येईपर्यंत थांबा. ड्रमच्या झांजांचा पोत एकदम बदलतो, खोलीचा घुमारा बदलतो, आणि तुकडा संपला की सगळं परत बीबीसीच्या स्टुडिओत येऊन बसतं. स्पीकरवर चटकन कळत नाही, हेडफोनवर एकदा कळलं की परत न ऐकू येणं अशक्य. आणि गंमत बघा, संगीतकारांच्या युनियनशी झालेल्या करारामुळे बीबीसीवर रेकॉर्ड वाजवायचे तास मोजून मिळायचे, म्हणून तर ही सगळी थेट सत्रं घ्यावी लागली. त्यातच काही सेकंद रेकॉर्ड गुपचूप घुसवलेली! पुस्तिकेत नोंद असेल-नसेल, पण कव्हरवर 'लाइव्ह' छापताना या एका ट्रॅकपुढे छोटीशी खूण करायला हरकत नव्हती. काही सेकंदांसाठी इतका जीव जाळायची गरज नाही हे पटतं. तरी तो ट्रॅक लागला की हात पुढे सरकवायला जातोच.

दुसरी कटकट बडबडीची. पहिल्या संचाच्या ६९ ट्रॅकमध्ये ५६ गाणी, बाकी १३ गप्पा. गप्पांचे ट्रॅक वेगळे आहेत, त्यामुळे शफल लावलं की प्रश्न एका गाण्याच्या आधी आणि उत्तर भलत्याच गाण्यानंतर. सुरुवातीला ते सगळे ट्रॅक काढून फक्त गाण्यांची यादी चालवली आणि संच बरा वाटला. पण तारखेप्रमाणे यादी लावल्यावर मत बदललं. १६ जुलै १९६३ला 'पॉप गो द बीटल्स' या त्यांच्या रेडिओ मालिकेच्या तीन भागांसाठी एका दिवसात, सात तासांच्या आत १८ गाणी रेकॉर्ड झाली. हा वेग नुसत्या गाण्यांतून कळत नाही. निवेदकाला टोमणे मारत, पत्रं वाचत गाण्यात शिरणं कानावर आलं की कळतो. म्हणून गप्पा ठेवा, पण गॅपलेस प्लेबॅक (दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडणारी सोय) चालू करून, क्रम न मोडता.

'ऑन एअर' हा २०१३चा दुसरा संच आधी बिनकामाचा वाटला होता. ६३ ट्रॅक, त्यात २३ बोलण्याचे, आणि प्रत्येक सीडीच्या शेवटी 'पॉप प्रोफाइल'च्या लांबलचक मुलाखती. त्या एकदाच ऐकायच्या. गाण्यांपैकी बहुतेक आपल्याकडे स्टुडिओत घडवलेली आधीच असतात. मात्र 'आय'म टॉकिंग अबाउट यू' आणि 'ब्यूटिफुल ड्रीमर' ही दोन त्यांनी स्टुडिओतल्या कुठल्याही रेकॉर्डवर घेतलेली नाहीत, आणि ओळखीच्या गाण्यांमधला रिंगोचा ड्रम इथे स्टुडिओपेक्षा जास्त मोकळा सुटलाय. तरी पहिल्या संचातलं 'आय'ल बी ऑन माय वे' या एका गाण्याची सर याला नाही. लेनन-मॅकार्टनींचं स्वतःचं असूनही त्यांच्या आवाजात ते फक्त बीबीसीच्या टेपवर आहे.

एलपी घेणाऱ्यांसाठी: हे सगळं मोनो आहे. मोनो खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं, उभी हालचाल म्हणजे निव्वळ धूळ आणि ओरखडे. ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा, खरखर ताबडतोब उतरते. बटण नसेल तर एलपीसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही, सीडी पुरते.

खरेदीचा क्रम असा: पहिला संच जुना, सेकंडहँड, कुठल्याही आवृत्तीचा चालेल, फक्त सीडीच्या मागच्या बाजूला बाहेरच्या कडेचे ओरखडे पाहून घ्या, कारण शेवटची गाणी तिथेच असतात. दुसरा संच सवलतीत मिळाला तरच. डिसेंबर २०१३ला डाउनलोड म्हणून आलेला ५९ ट्रॅकचा 'बूटलेग रेकॉर्डिंग्ज १९६३' मुळात युरोपातल्या कॉपीराइटची मुदत ५०वरून ७० वर्षांवर नेता यावी म्हणून काढला होता. त्यातले बहुतेक ट्रॅक बीबीसीचे आहेत, पण त्याच गाण्यांची पुन्हापुन्हा आलेली रूपं फार. अख्खा घेऊ नका, सुटे ट्रॅक मिळत असतील तर चार-पाच निवडा.