टब की शॉवर : दोन्ही वापरून पाहिल्यानंतर

पुण्यात भाड्याच्या सदनिकेत आम्ही तीन वर्षे बाथटब वापरला आणि गेल्या वर्षी स्वतःच्या घरातील न्हाणीघर नव्याने करून घेताना, टबासाठी जागा असूनही, शॉवर बसवला.

टबाचे सुख खोटे नाही. जानेवारीच्या थंडीत दुखरी कंबर गरम पाण्यात बुडवून अर्धा तास पडून राहण्याला शॉवरमध्ये पर्याय नाही. अडचण त्या अर्ध्या तासाच्या आधी येते. पाच फुटी अ‍ॅक्रिलिक टब बेताने भरायचा म्हटले, तरी सुमारे १५० लिटर पाणी लागते. नळाचे पाणी २५ अंशांचे आणि गीझरमधले ६० अंशांचे धरले, तर ४० अंशांच्या स्नानासाठी जवळपास ६५ लिटर कढत पाणी हवे, म्हणजे आपल्याकडच्या २५ लिटरच्या गीझरच्या अडीच खेपा झाल्या. दोन किलोवॉटच्या गीझरला एका खेपेस साधारण अर्धा तास लागत असल्याने तिसऱ्या खेपेचे पाणी येईपर्यंत पहिले कोमट झालेले असते. पहिल्या हिवाळ्यानंतर आमच्या टबात बहुतेक वेळा भिजवलेल्या चादरीच असत. शिवाय बोअरवेलच्या जड पाण्याने त्याच्या कडेने उमटणारी क्षारांची पांढरट रेघ घासण्याचे काम कायमचे मागे लागले, आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना दीड फुटाहून उंच काठ ओलांडणे कधीच जमले नाही.

शॉवर निवडतानाही आमची एक चूक झाली. दुकानात पंपावर जोडलेला आठ इंची रेन शॉवर धो-धो कोसळताना पाहून तोच घेतला. घर सातपैकी सहाव्या मजल्यावर आहे, याचा विचार विक्रेत्याने केला नाही आणि आम्हीही केला नाही. गच्चीवरील टाकी शॉवरच्या तोंडापासून जेमतेम पाच मीटर उंच असली, तर दाब अर्धा बारच मिळतो, आणि तेवढ्यावर ते रुंद तोंड नुसते ठिबकते. शेवटी ते काढून चार इंची तोंड आणि हँड शॉवर लावला. खरेदीपूर्वी शॉवरच्या पाइपाखाली वीस लिटरची बादली धरून ती किती वेळात भरते, हे घड्याळ लावून पाहावे. अडीच मिनिटे लागली, तर प्रवाह मिनिटाला आठ लिटर आहे आणि साध्या शॉवरला तो पुरतो. त्या प्रवाहात सात मिनिटांचे स्नान ५६ लिटरांत, म्हणजे गीझरच्या एका खेपेत होते. पंधरा मिनिटे शॉवरखाली उभे राहणाऱ्याने मात्र पाणी वाचवल्याचे सांगू नये, कारण बादलीने आंघोळ करणारा वीस-पंचवीस लिटरांत बाहेर येतो.

हँड शॉवर हा या खरेदीतला सर्वांत उपयोगी भाग ठरला. सासूबाई प्लास्टिकच्या स्टुलावर बसून स्वतः आंघोळ करतात, आणि त्याची सिलिकॉनची भोके अंगठ्याने चोळली की क्षार निघून जातात. काचेचे पार्टिशन मात्र आम्हाला पटले नाही. त्यावरचे डाग रोज पुसावे लागतात.

शॉवरखाली बादलीचा नळ ठेवावा, असा आग्रह आम्ही प्लंबरकडे धरला होता. दिवाळीत तेल-उटणे लावून पाटावर बसायचे, तर तो नळ आणि मोकळी फरशीच हवी. तेल लागलेल्या टबात उभे राहण्याचे धाडस आम्ही भाड्याच्या घरात एकदा केले होते, तेवढे पुरे झाले.