डाव्या गुडघ्याचा ऑफलोडर ब्रेस: आठ महिने वापरल्यानंतर

आधी हे सांगते, की हा ब्रेस म्हणजे मेडिकलच्या दुकानात मिळणारी लवचिक नी-कॅप नव्हे. नी-कॅप मी बारा वर्षं घातली. तिने ऊब मिळते, धीर येतो. पण हाडावरचा भार ती हलवत नाही. ऑफलोडर ब्रेसला एका बाजूने बिजागरीची पट्टी असते. माझा ब्रेस गुडघ्याला बाहेरच्या अंगाने आत रेटतो आणि मांडी व पोटरीला आतल्या अंगाने अडवतो. त्यामुळे झिजलेल्या आतल्या बाजूवरचा थोडा भार बाहेरच्या बाजूवर जातो.

मी कबड्डीत डावी कोपरारक्षक होते. घोटा पकडायचा, तर गुडघ्यावर बसूनच झेप घ्यावी लागते, आणि आमच्या वेळी मॅट नव्हती, माती होती. 1996 साली एका उपांत्य सामन्यात चढाईवाली निदान रेषेकडून वळली, मी घोटा धरला आणि माझ्याच साखळीतली मुलगी माझ्या गुडघ्यावर पडली. आतून कट्कन आवाज आला. रात्री आंबेहळदीचा लेप, सकाळी क्रेप बँडेज आणि दुपारी अंतिम सामना. लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारा पट्टा, तुटलं होतं हे एमआरआय काढल्यावर कळलं, तेव्हा 2011 साल उजाडलं होतं. लिगामेंट किंवा सांध्यातली गादी फाटलेल्या गुडघ्यांपैकी सुमारे निम्म्यांना दहा-वीस वर्षांत संधिवात गाठतो, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं. आज मी पन्नाशीची आहे आणि गुडघा झिजेच्या तिसऱ्या ग्रेडला.

ब्रेस घ्यायच्या आधी उभं राहून काढलेला एक्स-रे हवाच. झोपून काढलेल्यात सांध्यातली खरी फट दिसत नाही. आतली बाजू झिजली आहे की बाहेरची, हे कळल्याशिवाय चार हजार आठशे रुपये घालवू नका. दोन्ही बाजू सारख्याच गेल्या असतील तर याचा फारसा उपयोग नाही. पहिल्यांदा ज्या दुकानात गेले तिथे माप न घेताच "लार्ज बसेल" म्हणून पिशवीत घालून दिला. घरी येईपर्यंत तो पोटरीवर उतरला होता. शेवटी फिजिओथेरपिस्टने टेपने मांडी आणि पोटरीचा घेर मोजला, तेव्हा मीडियम निघाला.

घालायची पद्धत महत्त्वाची आहे. खुर्चीच्या कडेला बसायचं, बिजागरीचा मध्य वाटीच्या मध्याशी आणायचा आणि आधी पोटरीचा पट्टा आवळायचा. मी मांडीचा आधी आवळायचे, म्हणून तो दर अर्ध्या तासाने घसरायचा. पट्टा आणि कातडी यांच्यात एक बोट सरकलं पाहिजे.

फरक कुठे पडला? शाळेत उभं राहून सलग दोन तास घेता येतात. संध्याकाळी मुलींचा सराव मैदानाच्या कडेला उभी राहून बघते, पूर्वी बाकावरून बघायचे. घराच्या जांभ्याच्या नऊ पायऱ्या कठड्याला न धरता चढते. उतरताना मात्र दुखरा पाय आधी टाकते, ती सवय सोडलेली नाही. मांडी घालून बसणं गेलं ते गेलंच. आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम थांबवला की पंधरा दिवसांत ब्रेस घालूनही दुखतं, हे मी गणपतीच्या धावपळीत अनुभवलं.

तक्रारी आहेत. आमच्या रत्नागिरीच्या दमट हवेत ब्रेसच्या आतल्या गाद्या घामाने भिजतात, घामोळं येतं. आत सुती मोजा घालते आणि गाद्या काढून रोज हाताने धुते. वेल्क्रो साडीला धरतं. एका काठाचे जरीचे धागे निघाले. सातव्या महिन्यात पट्ट्याचं वेल्क्रो धरेना, ते बाजारातल्या चांभारदादांनी साठ रुपयांत नवं शिवून दिलं. पाचपैकी चार तारे देते.

एक तारा कापला तो या तक्रारींसाठी. पण खोक्यावर धावणाऱ्या खेळाडूचं चित्र छापलंय, त्याचा मला खरा राग आहे. गेल्या रविवारी तालुक्याच्या अंतिम सामन्यात मध्यंतरापूर्वी माझ्या उजव्या कोपऱ्यावरच्या मुलीचा गुडघा मुरगळला. वाटीच्या बाजूला सूज चढताना दिसत होती. ती माझ्या पायाकडे बघून म्हणाली, "ताई, तुमचा ब्रेस द्या ना, शेवटची पंधरा मिनिटंच आहेत." हा झिजलेल्या सांध्यासाठी आहे, माझ्या पायाच्या मापाचा आहे, तुझं लिगामेंट तो धरून ठेवणार नाही, असं मी तिला तिथेच खाली वाकून सांगितलं आणि बर्फ लावून बाहेर बसवलं. ती रडली. तिचे वडीलही माझ्याशी धड बोलले नाहीत. सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. तिचा एमआरआय मंगळवारी आहे, मी बरोबर जाते आहे.